साडेबारा टक्के आभाळ

पहाटे पावणेचारला गोठिवलीच्या वळणावर
मी लोखंडी झाकण उचलतो, चावी खाली सोडतो.
बावीस आटे उघडायला.
बंद करायलाही बावीसच, पण दुप्पट वेळ लावून,
घाई केली तर पाणी पाइपातच मागं धडकतं.
एकदा बदलीवरच्या पोरानं खटकन बंद केला,
पुढचा जोड फुटला, रस्ता खचला,
एक रिक्षा आडवी झाली.

हर्षाली म्हणाली, बाबा, वाशीला या,
दहा मिनिटं बोलायचंय मला.
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
पडद्यावर पृथ्वी, तिच्याभोवती गंधकाची बारीक धूळ,
विमानानं वर नेऊन सोडलेली.
शंभरातला एखादा किरण परत जाईल, बस, एवढंच.
आभाळ जरा पांढुरकं दिसेल, ती म्हणाली,
तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.
(हे तिनं माझ्यासाठी घातलं होतं.
बाकीच्यांनीही लिहून घेतलं.)

तिचं खोटं नाही.
गेल्या मे महिन्यात महापेच्या गेटवर
रामसुमेर वॉचमन खुर्चीतच गेला.
मांडीवर डबा, उघडलेला, पोळी अख्खी.
तिनं त्याचा फोटो लावला नव्हता, आकडा लावला होता.
त्या आकड्यात मला त्याची निळी टोपी दिसली.

प्रश्न विचारा म्हणाले, म्हणून उठलो.
विचारलं, चावी कुणाकडे राहणार?
कारण मी पाहिलंय,
टॉवरच्या टाकीत दाब चढवला
की टोकाच्या चाळीत नळ नुसता सुस्कारे टाकतो.
इथलं ऊन उतरलं
तर कुणाच्या गावचा पाऊस वाट चुकेल?
त्या गावाचा फोन कोण उचलणार? मी उचलतो म्हणून विचारतो.
आणि पैसा संपला, भांडण लागलं,
कुणी एका दिवसात खटकन बंद केलं,
तर इतकी वर्षं अडवलेलं ऊन
कुठल्या जोडावर येऊन धडकेल?

इथंच बसायला हवं होतं. बसलो नाही.

माझ्या बापाला सायेब म्हणाला होता,
मुंबईचा जीव गुदमरतोय, जमीन द्या.
खरंच गुदमरत होता. तेही खोटं नव्हतं.
भाताची खाचरं गेली, नोटिशीवर अंगठा उठला,
आणि साडेबारा टक्के परत मिळायचे
ते मिळेतो अंगठा जळून राख झाला होता.
म्हणून म्हटलं, आभाळ संपादित करताना
नोटीस कुठल्या दारावर चिकटवणार?
सातबारा कुणाच्या नावावर आहे त्याचा?
आणि साडेबारा टक्के निळं
परत कुणाला, कुठल्या सेक्टरात?

लोक हसले. वाईट नव्हतं,
चहाच्या आधीचं हसणं होतं.
अध्यक्ष म्हणाले, मार्मिक. फारच मार्मिक.
हर्षाली हसली नाही.
पाम बीच रोडवर स्कूटरच्या मागून ओरडली,
मग काहीच करायचं नाही का, बाबा?
पुढच्या मे महिन्यातल्या रामसुमेरला काय सांगू?
हेल्मेटमुळं ऐकू आलं नाही
असं मी दाखवलं.

आज पहाटे ती सोबत आली. झोप नव्हती म्हणाली.
चावी धरायला मागितली,
हलकी असेल असं वाटलं होतं तिला.
बाराव्या आट्याला थांबली, तळवे लाल.
मी म्हटलं, अर्ध्यावर सोडून चालत नाही,
खाली टोकाला हंडे लागलेत.
तिनं वर पाहिलं, म्हणून मीही पाहिलं.
पारसिकच्या डोंगरामागं अजून काही नव्हतं,
अलीकडं कारखान्यांचा तोच पिवळा उजेड.
मग आडव्या दांड्याचं एक टोक तिच्याकडं ठेवलं,
दुसरं मी धरलं.

दहा आटे उरले होते.